पाडलीतला काना

छापखान्यात तिला सगळे बोळेबाई म्हणत, कारण मुद्रितं तपासताना ती कानांत कापसाचे बोळे कोंबून बसायची. पूर्वी एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि ही छापलेल्या कागदावर नजर फिरवायची. एकदा त्याने वाचलं ‘दुःखद निधन’, हिला कागदावरही ‘दुःखद’च दिसलं, आणि छापून गेलं ‘सुखद निधन’! मयताच्या मुलांनी येऊन मालकाचे दोन दात पाडले. कानात शब्द पडला की डोळे आंधळे होतात, हे तिला तेव्हाच कळलं.

आज बोळे पर्समध्ये होते आणि धाकटी बहीण दवाखान्याच्या खाटेवर. हात मोडलेला, ओठ फाटलेला, एक डोळा सुजून बंद. ही तिसरी खेप. आधी दोनदा कागदावर ‘पडली’ असं लिहिलं गेलं आणि मेहुणा तिला घरी घेऊन गेला. आता नेली असती तर पोरगी जिवानिशी गेली असती.

मेहुणा औषधं आणायला गेला, तेवढ्यात बहीण नर्सशी कुजबुजली. नर्सने लिहिलं: ‘इजेचं कारण: जिन्यावरून पाडली. घरात हजर: फक्त नवरा.’ कागदाच्या तळाशी, तिला दवाखान्यात आणणाऱ्याची सही हवी होती.

तो परत आलाच. “काय लिहिलंय? दाखवा इकडे.”

बोळेबाईने कागद त्याच्यासमोर धरला, ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात वाचलं, “इजेचं कारण, जिन्यावरून पडली.”

त्याची नजर त्या शब्दापाशी घुटमळली. मेल्या, बघू नकोस, ऐक!

“पडली,” ती आणखी चढ्या आवाजात म्हणाली. “घरात हजर, फक्त नवरा. बरोबर ना?”

“पडलीच ती. आंधळी आहे नुसती,” म्हणत त्याने सही ठोकली.

नर्सने पोलिसांना फोन केला होता. हवालदार आला, त्याने कागद मनातल्या मनात वाचला, सही कुणाची ते विचारलं आणि मेहुण्याच्या कानाखाली असा आवाज काढला की पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली.

“पडली लिहिलंय! मी स्वतः वाचलंय!” मेहुणा बोंबलत होता. हवालदार त्याला कॉलर धरून फरफटत नेत होता.

“वाचलं कुठे? ऐकलंस,” बोळेबाई म्हणाली.

जिन्यापर्यंत त्याच्या शिव्या चालूच होत्या. बोळेबाईने पर्समधून बोळे काढले आणि हलक्या हाताने बहिणीच्या कानांत घातले.