त्याच्या पाठीवर माझ्या दादाचा फोटो

मंडळी, घरी येऊन दोन तास झाले, पण डोकं अजून गंगापूर रोडवरच आहे.

आज अपघातग्रस्तांच्या मदतीसाठी मॅरेथॉन होती. मी विलासदादासाठी धावले. तीन वर्षांपूर्वी अंबडच्या कारखान्यातून ड्यूटी संपवून येताना तो बाइकच्या अपघातात गेला. बाइकवर एकटाच होता, असंच आम्हाला सांगितलं होतं.

अर्ध्या वाटेत पुढच्या माणसाच्या टी-शर्टवर, पाठीवर, दादाचा फोटो दिसला. कंपनीच्या युनिफॉर्ममध्ये हसणारा. आमच्या घरी हा फोटो कुणाकडेच नाही. मग याच्याकडे कुठून आला? दादाच्या नावाने पैसे गोळा करून लोकांना फसवतोय की काय? दोन किलोमीटर त्याच्यावर नजर ठेवली आणि शेवटी गाठलंच.

"हा फोटो कुठून मिळाला? मी विलासची बहीण."

तो जागीच थांबला. "ताई, मी पेठ गावचा. आम्ही एकाच मशीनवर होतो." मग खाली बघत म्हणाला, "त्या दिवशी मी मागं बसलेलो. पडल्यावर विलासभाऊ उठंना. मी लय घाबरलो, पळून गेलो."

"तेव्हा तो जिवंत होता?"

तो नुसता रडायला लागला. मी शर्यत सोडून घरी आले.

खरंच मागे बसला होता, की बाइक तोच चालवत होता?

दादा जागीच गेला, त्याला त्रास झाला नाही, एवढ्याच समाधानावर आई जगतेय. तुम्ही तिला सांगितलं असतं का?