भिंगवाल्याची बहीण

सगळी गल्ली त्याला भिंगवाला म्हणायची, आणि कुणी नाव विचारलं तर तोही हेच सांगायचा. चष्म्याचं दुकान ते केवढं! दोन गिऱ्हाइकं आत आली की तिसऱ्यानं पायरीवर थांबायचं. पुढे काउंटर, भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि मागच्या पडद्याआड काच घासायचं चाक. चाकावर पाण्याची धार सोडून त्यानं काच धरली की त्याच्याशी बोलायची सोय नाही. "थांबा हो, काच आहे ही, कांदा नाही," म्हणून गिऱ्हाइकावरच खेकसायचा.

माणूस कामाला चोख, त्यात वाद नाही. पण हट्टी! जगातल्या प्रत्येक दुखण्याचं मूळ चुकीच्या नंबरात आहे, असं त्याचं ठाम मत. डोकं दुखतंय? नंबर. पायरी चुकली? नंबर. नवरा-बायकोचं पटत नाही? "दोघांनाही पाठवून द्या, बघतो." लोक हसायचे आणि त्याच्यावर विश्वास ठेवायचे. तिथेच सगळा घोळ झाला.

त्याला शुगर होती. ऐन चाळिशीत निघालेली, आणि आता साठी आली होती. गोळ्या होत्या, पण बायकोनं हातावर ठेवल्या तर पोटात जायच्या. प्रेशरची गोळी डोकं जड झालं तरच घ्यायची असते, हे त्याचं स्वतःचं वैद्यक. सिगारेट सुटली नव्हती. संध्याकाळी पाय सुजायचे, मोजे काढल्यावरही त्यांचा वळ तसाच राहायचा. बायको म्हणायची, "अहो, एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या. शुगरची माणसं जातात दरवर्षी." यावर तो तिच्याकडे असा बघायचा, की जणू आचाऱ्याला कुणी खानावळीचा पत्ता दिलाय.

"डोळ्यांचं तू मला सांगतेस?"

सांगायलाच हवं होतं खरं तर. त्याची नजर मधूनच धूसर व्हायची. मग स्वारी स्वतःच खुर्चीत बसायची, तपासणीची जड फ्रेम नाकावर चढवायची, एकेक काच बदलून तक्ता वाचायची आणि सगळ्यात खालची ओळ लागली की खूश. नवा नंबर, नवी काच. महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा धूसर, पुन्हा खुर्ची. कधी नंबर वाढायचा, कधी चक्क उतरायचा, आणि उतरला की हा पठ्ठ्या घरी जाऊन बायकोला ऐकवायचा, "बघ, डोळे सुधारतायत!" अरे शहाण्या, रक्तातली साखर वर-खाली झाली की डोळ्यातलं भिंग फुगतं, ओसरतं, म्हणून नंबर हलतो. त्याच्या धंद्यात हे सगळे ऐकून असतात. त्यानंही ऐकलं होतं. पण ते दुसऱ्यांचं.

त्याला एक धाकटी बहीण. पन्नाशी उलटली तरी त्याच्यासाठी छोटीच. नवरा लवकर गेला, मुली आपापल्या घरी, आणि ही कापडाच्या कारखान्यात तपासणीला. खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावरून कापड सरकत जायचं आणि त्यातला तुटका धागा, तेलाचा डाग, विरलेली जागा हिनं पकडायची. तिची शुगर दुसऱ्या बाळंतपणात निघाली, ती पुढे गेलीच नाही. "घरातली पहिलीच गोष्ट, जी दादानं माझ्याबरोबर सारखी वाटून घेतली," असं म्हणून ती हसायची.

अलीकडे ती वरचेवर दुकानात यायला लागली होती.

"दादा, मुकादम ओरडतो रे. म्हणतो, बाई, दोष सुटतायत तुमच्या हातून."

दादा हातातलं काम टाकायचा. जीव होता त्याचा तिच्यावर, अगदी मनापासून. गिऱ्हाइकाला ताटकळत ठेवून तिला खुर्चीत बसवायचा, तपासायचा, दुकानातली सगळ्यात चांगली काच तिच्यासाठी काढायचा. "नंबर वाढलाय, छोटे. वय झालं आपलं." पैशाचं नाव काढलं तर रागवायचा.

एकदा ती म्हणाली, "कारखान्यात डोळ्यांचे डॉक्टर येणार आहेत. शुगरवाल्यांना थेंब घालून आतून बघतात म्हणे. जाऊ का?"

"थेंब? दिवसभर काही दिसणार नाही, रोज बुडेल ते वेगळंच. डोळ्यात कुणाला काही घालू देऊ नकोस. मी काय मेलोय?"

ती गेली नाही. दादानं सांगितल्यावर ती कशाला जातेय!

मग एका सकाळी दुकान उघडताना त्याच्या उजव्या डोळ्यापुढे काळा दोरा लोंबायला लागला. त्यानं चष्मा काढला, पुसला, घातला. दोरा तिथेच. साबणानं धुतला. दुसरा चष्मा घातला, तिसरा घातला. दुपारपर्यंत त्या डोळ्यात काजळी भरली. बायको डबा घेऊन आली तेव्हा तो काउंटरवर चष्मे मांडून घामाघूम बसला होता. डबा घ्यायला त्यानं हात पुढे केला आणि हवेतच मूठ मिटली. बायकोनं दुकानाला कुलूप लावलं.

डॉक्टरीणबाईंनी थेंब घातले, आतून पाहिलं आणि प्रश्न सुरू केले. शुगर किती वर्षं? ताब्यात असते? प्रेशर? सिगारेट? कोलेस्टेरॉल? पायाला सूज, म्हणजे किडनी कधी तपासली? एकेका उत्तरागणिक त्याचा आवाज खाली जात होता.

"काका, यातलं एखाद-दुसरंसुद्धा डोळ्याला भारी पडतं. तुमच्याकडे तर सगळंच आहे."

"पण परवापर्यंत मला खालची ओळ दिसत होती हो!"

"दिसतेच. डोळ्याच्या मागच्या पडद्यातल्या बारीक नसा गळत असतात. दुखत नाही, खुपत नाही. अंधारून येतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. पुढे कितीही चांगली काच लावा, पडद्याला काय त्याचं?" मग त्यांनी कागदावरून मान वर केली. "घरात आणखी कुणाला शुगर?"

"यांच्या धाकट्या बहिणीला," बायको म्हणाली. "बरीच वर्षं झाली."

"त्यांनाही दाखवा. लवकर."

स्वतःच्या डोळ्याचं पुढे काय, हे त्यानं विचारलंच नाही. तो उठला आणि दार समजून कपाटाकडे निघाला. बायकोनं दंड धरून बाहेर आणलं. थेंबांमुळे ऊन डोळ्यात घुसत होतं, पाणी वाहत होतं, तरी तो म्हणत होता, "कारखान्यात चल. आधी कारखान्यात."

छोटी टेबलाशीच होती. डाव्या डोळ्यानं दिसलं तेवढं त्यानं पाहिलं. ती मान एका बाजूला कलती करून, डोळ्याच्या कोपऱ्यातून कापड न्याहाळत होती.

"छोटे, मान अशी का धरलीस?"

"अशी धरली की दिसतं रे. सरळ बघितलं की मधोमध भोक पडतं." ती ओशाळली. "तुला सांगणार होते. पण तू लगेच नवा चष्मा करत बसशील. किती त्रास द्यायचा तुला?"

त्याला रडू फुटलं. चारचौघींदेखत, कापडाच्या ढिगाशी उभा राहून तो रडला.

दवाखान्यात तिची तपासणी संपेपर्यंत तो भिंतीला टेकून उभा होता, बस म्हटलं तरी बसला नाही. डॉक्टरीणबाईंनी लपवाछपवी केली नाही. डावा डोळा हातचा गेला होता. उजव्याच्या पडद्यावर मधोमध सूज होती. इंजेक्शनं, लेझर, साखर आणि प्रेशर दोन्ही काटेकोर ताब्यात, एवढं केलं तर आहे ते राखता येईल. गेलेलं परत येणार नाही. कारखान्यातलं तपासणीचं काम बंद.

बाई छोटीकडे वळल्या.

"इतकी वर्षं शुगर, आणि एकदाही डोळे तपासले नाहीत?" डॉक्टरीणबाईंचा आवाज चढला. "कुणी सांगितलंच नाही तुम्हाला?"

आता मात्र छोटीला राग आला. स्वतःच्या डोळ्यांचं ऐकताना आला नव्हता, तो आता आला.

"तपासले नाहीत कसे? माझ्या दादाचं चष्म्याचं दुकान आहे. गेलं की हातातलं काम टाकून बघतो तो मला. दुसऱ्या कुणाला हातसुद्धा लावू देत नाही. विचारा त्याला!" ती अंदाजानं भिंतीच्या दिशेला वळली. "हो ना रे दादा?"

बायको जमिनीकडे बघत राहिली. डॉक्टरीणबाई त्याच्याकडे बघत होत्या.

"हो," तो म्हणाला. "मीच बघत होतो."