कैलासाला न गेलेले आबाजी

पुणे स्टेशनावरच्या हमालाने आबाजींना उचलायला नकार दिला. "ट्रंक घेतो, हे तुमचं तुम्ही बघा," म्हणाला. आबाजी म्हणजे माझे आजोबा. ते वर्षापूर्वीच वारले होते. पोत्यात गुंडाळलेली होती ती त्यांच्या नावाची संगमरवरी शिळा, दोन फूट लांब, फूटभर रुंद. अंत्यविधीला मला जाता आलं नव्हतं. खरं म्हणजे जाता आलं असतं. कचेरीत तपासणी होती आणि मी तिच्या आड लपलो. आता पहिल्या पुण्यस्मरणाला त्याची भरपाई दगडाने करायला निघालो होतो.

शिळेवरचा मजकूर माझाच. आबाजी ब्रह्मदेशच्या लढाईला गेले होते एवढं मला ठाऊक होतं, बाकीचं सुचलं. सैन्याने त्यांना नायकाच्या साध्या हुद्द्यावर घरी पाठवलं होतं, मी बसल्या जागी सुभेदार केलं. पुढे 'रणशूर' जोडलं. कारागीर गाठून देणारे शेजारचे लेले कागद वाचून म्हणाले, "तरीच तुमच्यात ही शिस्त! पण सुरुवातीला कैलासवासी हवं." आणि स्वतःच्या पेनाने त्यांनी ते लिहूनही टाकलं. आम्ही बौद्ध, आमच्यात कुणी कैलासाला जात नाही. एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण अकरा वर्षं भिंतीला भिंत लागून राहत असताना ते मी बोललो नव्हतो, आणि आडनावावरून कळत नाही याचा फायदा गुपचूप घेत आलो होतो. मी म्हणालो, "वा, शोभतंय."

नागपूरहून छोट्या रुळांची गाडी धरली. ही गाडी इतक्या सावकाश चालते की खिडकीतून दिसलेल्या बैलाशी आपली ओळख होते. नागभीडला गाडी बदलून वडशाला उतरलो तेव्हा पोत्याची सुतळी माझ्या तळहातात रुतली होती. मार्च महिना होता. कापणी झालेल्या बांध्या (धानाच्या खाचरांचे तुकडे) उन्हात भेगाळलेल्या, आणि त्यांच्या कडेला मोहाखाली बायका फुलं वेचत होत्या. तो गोड, आंबूस वास बसमध्येही आला.

कुरखेड्याच्या बसच्या कंडक्टरने पोत्याला बोट लावलं. "याच्यात का आहे जी?"

"आजोबा," मी वैतागून म्हणालो.

तो जराही दचकला नाही. "मंग लगेज लागन. उभं नका करू, आडवं निजवा त्याइले."

बसमधले चारजण हसले. आडवे निजलेले आबाजी प्रत्येक खड्ड्यात माझ्या पायावर येऊन आदळत होते. जिवंतपणी त्यांनी मला कधी बोटही लावलं नव्हतं.

गावात पोचलो तेव्हा आजी अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. ऐंशीच्या घरातली, वाकलेली, पण आवाज खणखणीत. "आलास?" एवढंच म्हणाली. मागच्या वर्षी का आला नाहीस, हे तिने विचारलं नाही, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं. जेवायला भात, लाखोरीच्या डाळीचं वरण आणि तलावातल्या मासोळीचा झणझणीत रस्सा होता. मासोळी घेऊन आलेले मारोतीभाऊ ढीवर ओट्यावरच टेकले होते. जाळं टाकण्यात जन्म गेलेला हा म्हातारा आबाजींचा जुना जोडीदार.

जेवण झाल्यावर मी ऐटीत पोतं सोडलं. आजीने शिळेवरून हात फिरवला. तिला अक्षरओळख नाही. "वाच," म्हणाली.

कोरलेलं वाचणं सोपं असतं असं मला आजवर वाटायचं. मी वाचलं. "कैलासवासी रणशूर सुभेदार..."

"थांब. कैलासवासी म्हंजे?"

"म्हणजे... कैलासावर गेलेले."

"शंकराच्या घरी?"

"हो."

"थ्याले कोनं बोलावलं तिथी?" तिने इतक्या साधेपणाने विचारलं की मारोतीभाऊंना ठसका लागला. "छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेतली तुया आबाजीनं. परत आला अन् घरचे सारे देव टोपलीत घालून तलावात सोडले. अन् तू आता त्याले देवाच्या दारात पावना म्हनून धाडून राह्यला. काऊन लिवलं असं?"

लेल्यांचं नाव माझ्या जिभेवर आलं होतं. पण लेल्यांनी काय, जे माहीत होतं ते लिहिलं. "मी गप्प बसलो, आजी," मी म्हणालो. "मला सांगायची लाज वाटली." हे बोलताना जी लाज वाटली, तिच्यापुढे आधीची काहीच नव्हती.

मारोतीभाऊंनी विषय बदलावा म्हणून विचारलं, "अन् थे रणशूर का होय?"

"लढाईत शौर्य गाजवलेला."

"थो त खेचरं सांभाळे तिथी. बंदूक नाई चालवली कधी. एक खेचर दरीत पडलं त दोन दिवस जेवलो नाई, असं सांगे मले."

म्हणजे माझा रणशूरही गेला. शिळेवर आता फक्त आबाजींचं नाव तेवढं खरं उरलं होतं.

"लढाई पाहाची आहे?" आजी उठली. "चाल."

काठी टेकत ती आम्हाला तलावाच्या पारीवर (बांधावर) घेऊन गेली. खाली दगडी घाट होता. पूर्वी त्या घाटावर आमच्या माणसाने पाय ठेवायचा नव्हता. आमचं पाणी पलीकडच्या चिखलातून, जिथे गुरं उतरत. लढाईहून परतल्यावर तिसऱ्या दिवशी आबाजी खाकी कपड्यात, बुटांसकट या घाटावर उतरले, मगभर पाणी प्यायले आणि पायरीवर बसून राहिले.

"आमी ढीवर जाळं घेऊन तिथी उभे होतो," मारोतीभाऊ म्हणाले. "म्या म्हटलं, आता मारतेत याले. पन कोनी आलं नाई. कपड्याले भेले सारे."

"दुसऱ्या दिवशी थे खाकी कपडे नोयते," आजी म्हणाली. "धोतरावर गेला. तवा मारलं. तिसऱ्या दिवशी मले संग घेतलं, घागर देल्ली. मी म्हटलं, एक डाव गेलो ना, झालं. थो म्हने, एक डाव गेल्यानं पावना होते मानूस. रोज जा लागते."

त्यानंतर ताप असो की थंडी, आबाजी मरेपर्यंत रोज याच घाटावर आंघोळीला आले. लहानपणी मी त्यांच्याबरोबर यायचो आणि पाणी गार आहे म्हणून रडायचो. तेवढंच मला आठवत होतं.

पुण्यस्मरणाच्या दिवशी विहारात वंदना झाली. मग मारोतीभाऊंनी घाटाच्या वरच्या पायरीलगत जागा खणली आणि शिळा बसवली, अक्षरं खाली करून. आजीने गुळगुळीत पाठीवर पहिली घागर टेकवली. "चांगला आहे गोटा," म्हणाली. "हालत नाई." मला रडू आलं, आणि ते लपवायला या वेळी तपासणी नव्हती.

पुण्याला परतलो त्या संध्याकाळी लेले चहाला आले. "काय, बसवली शिळा? लोक काय म्हणाले?"

मी सगळं सांगितलं. उलटी शिळा, खेचरं, दीक्षा, घाट. लेले बशीतला चहा संपवेपर्यंत ऐकत होते. मग म्हणाले, "अहो, आधी नाही का बोलायचं? एक शब्द काढला असता, झालं." घड्याळ बघून ते उठले. कपात अर्धा चहा तसाच होता. त्यांना खरंच घाई असेल. मी अजूनही तसंच धरून चाललो आहे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी लेल्यांचं दार वाजवलं. अकरा वर्षांत बोलावल्याशिवाय मी तिथे कधी गेलो नव्हतो. त्यांनी दार उघडलं, क्षणभर उंबऱ्यातच थांबले.

"चहा प्यायला आलोय," मी म्हणालो. "उद्याही येईन."