चिकटपट्टीखालची सूचना

मुकुटबनच्या बसथांब्यासमोर एकाचं ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं दुकान आहे. थुंकीनं कागद उलटत तो प्रत्येकाला सांगतो, "झालं जी! पावती उद्या येईन, टेन्शन कायले घेता?" ब्राउझर जुनाट, का, तर "हात बसला याच्यावर." वर सारखी झळकणारी सूचना नको म्हणून त्यानं स्क्रीनवर तिथंच काळी चिकटपट्टी लावलेली.

कापूस खरेदीच्या नोंदणीचा शेवटचा दिवस होता. माझंही "झालं" म्हणाला. मला राहवेना. मी पट्टी उचकटली. खाली लिहिलं होतं, 'या जुन्या ब्राउझरवरून अर्ज जमा होत नाही.'

त्यानं सकाळपासून साठलेल्या सातबाऱ्यांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. बाहेर त्याच शेतकऱ्यांना घेऊन एसटी सुटत होती. गठ्ठा छातीशी धरून तो अनवाणीच तिच्यामागं धावला, "थांबा जी! कोणाचंच झालं नाही!"