जुनं मशीन आधी

सुतार सर सकाळी खुर्चीत बसले की आधी कालचं सगळं बिल्ड, म्हणजे कोडपासून तयार झालेलं सॉफ्टवेअर, पुसून टाकायचे आणि पहिल्यापासून पुन्हा करायचे. आमचं कोल्हापुरातलं छोटं ऑफिस गावोगावच्या दूध संकलनाच्या मशीनसाठी सॉफ्टवेअर लिहितं. मशीन सात प्रकारची. सरांचा क्रम ठरलेला: सगळ्यात जुनं आधी.

"काल झालतं की, सर," कुणीतरी म्हणायचं.

"काल झालतं म्हणून आज हुईल, असं लिहून दिलंय का कुणी?"

ते जुनं मशीन मुरगूडकडच्या एका डेअरीत होतं. त्याच्या कम्पायलरला, म्हणजे कोड मशीनच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामला, सी प्लस प्लस भाषेचं जुनंच स्टँडर्ड, जुनीच नियमावली कळायची. कुठला भाग कुठल्या स्टँडर्डनं बिल्ड करायचा, हे एका फाइलमध्ये लिहिलेलं असतं. ती फाइल सर सांभाळायचे. सगळ्या भागांना जुनं स्टँडर्ड लावणाऱ्या सगळ्यात वरच्या ओळीशेजारी त्यांची मराठीत टीप होती: 'बदलू नये. मुरगूडकडं सहाला दूध येतं.' एका मशीनसाठी सगळ्यांनी जुन्यात अडकायचं का, असं मुलं कुरकुरायची.

"तिथल्या म्हशी बी दूधच देत्यात की," सर म्हणायचे.

मी तिथे नवीन. इंग्रजी शाळेत शिकलेली. ऑफिसातल्या मोठ्या आवाजाच्या गप्पांत शिरायला मी वाक्य जुळवेपर्यंत विषय बदललेला असायचा. मी माझ्या टेबलावर डबा खायचे, सर त्यांच्या. सहा महिने आम्ही एकमेकांना पाहून फक्त मान हलवली.

एकदा माझ्या कोडला नव्या स्टँडर्डमधल्या सोयी हव्या होत्या. मी ती वरची ओळच बदलली. माझ्या कॉम्प्युटरवर सगळं चाललं. जुन्या मशीनसाठी करून पाहिलंच नाही. दुसऱ्या दिवशी सरांच्या स्क्रीनवर चुकांच्या लाल ओळींची रांग लागली.

"कुणी हात लावला रं ह्याला?"

सगळ्यांनी आपापल्या स्क्रीनमध्ये डोकं घातलं. मीही. 'मी लावला' हे या हॉलमध्ये मी मोठ्यानं बोललेलं पहिलं वाक्य ठरलं असतं.

दुपारी ते डबा घेऊन माझ्या टेबलाशी आले. "म्याडम, जरा सरका." वरची ओळ त्यांनी पूर्ववत केली आणि नवं स्टँडर्ड फक्त माझ्या भागापुरतं लिहिलं, जुन्या मशीनला तो भाग लागतच नव्हता. खाली आणखी एक ओळ टाकली: हेच स्टँडर्ड हवं, नसेल तर थांब.

"ही वळ नसली तर काय हुतंय, बघा. एखाद्या कम्पायलरला नवं जमत न्हाय, पर त्ये सांगत न्हाय. गुमान जुन्यावर जातंय. मग चूक दिसती भलतीकडंच. जमत न्हाय तर बोंब मारावी की!"

"सर, ती वरची ओळ मी बदलली."

"म्हाईत हाय. बदल करणाऱ्याचं नाव येतंय की तिथं. तू सांगतीस का, तेवढं बघायचं हुतं." आणि त्यांनी भाकरी-खर्डा माझ्यापुढे सरकवला.

त्या दिवसापासून आम्ही एकत्र जेवू लागलो. फारसं न बोलता. पुढे त्यांची भाकरी अर्धी झाली, मग चतकोर. मी रोज बघत होते. एकदा विचारलं, "सर, बरं आहे ना?"

"झकास हाय," म्हणत त्यांनी डबा झाकला. मी पुन्हा विचारलं नाही.

मग रजा, मग हॉस्पिटल, मग ऑफिसच्या ग्रुपवर सर गेल्याचा निरोप. आजार बऱ्याच महिन्यांचा होता, असं नंतर त्यांच्या मुलीनं सांगितलं. घरीही ते कुणाला बोलले नव्हते.

आता ती फाइल माझ्याकडे आहे. मी सकाळी कालचं सगळं पुसते, जुनं मशीन आधी घेते. सगळं हिरवं येतं, तरी लगेच उठत नाही. 'झकास हाय' म्हटल्यावर मी पुन्हा विचारायला हवं होतं.