सोयरिकीला नेलेली खुर्ची

तेव्हा मी नगर जिल्ह्यातल्या अकोल्याहून रोज एस.टी.ने संगमनेरला कॉलेजला जायचो. एका सकाळी काठी टेकत एक गृहस्थ गाडीत चढले. खांद्याला घडीची लोखंडी खुर्ची.

कंडक्टर म्हणाला, "मामा, गाडीत बाकडी हायेत की."

"गाडीत हायेत. पाव्हण्यांकडं न्हाईत."

ते माझ्याशेजारी बसले. नाव विचारायचा मला धीर झाला नाही, पण बाकी सगळं त्यांनीच सांगितलं. मुंबईला त्यांच्या खुब्यात स्टीलचा सांधा बसवला होता. दुखणं पार गेलं, पण मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद होती. आणि आज मुलीच्या सोयरिकीची बैठक. मुलाकडचे सतरंजीवर आणि मुलीचा बाप खुर्चीवर, हे कोण खपवून घेईल?

"उभा ऱ्हायलो तर म्हनतील, घाई हाय. खुर्चीत बसलो तर म्हनतील, माज हाय," असं म्हणून त्यांनी खुब्यावरून हात फिरवला, नव्या बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

दिवसभर वर्गात लक्ष लागलं नाही.

संध्याकाळच्या गाडीत ते पुन्हा दिसले. खुर्ची नव्हती. मी घाबरत विचारलं, "मोडलं का, मामा?"

"जमलं. मुलाची आजी गुडघ्यांनी बेजार. मी खुर्ची मांडली, तशी म्हातारीच येऊन बसली. मग मी उभा ऱ्हायलो, तर कोन काय बोलनार?"

"आणि खुर्ची?"

"म्हातारी उठंचना. म्हनली, पोरगी सावकाश येऊ द्या, खुर्ची ठिवून जा."