बोलून लिहिलेला ब्लॉग

आमच्या कुसगावच्या घरात पावसाळ्याचे चार महिने भिंतींना बुरशी येते आणि उरलेले आठ महिने ती परत कधी येईल याची चर्चा चालते. त्या वर्षी ती कपाटामागून आली आणि थेट माझ्या लग्नातल्या शालूपर्यंत पोचली. म्हणून मी कंपनीच्या बसमध्ये बसून फोनवर उपाय शोधायला लागले. मी नवलाख उंबऱ्याच्या एका कारखान्यात कागदपत्रं तपासते. बस पावणेसातला निघते आणि तासभर जातो. आधी हा तास मी घरच्यांच्या ग्रुपवर घालवायचे, पण एका चुलतनणंदेच्या शुभ सकाळवर मी ‘ही कालचीच सकाळ परत पाठवलीत’ असं लिहिलं आणि त्यानंतर मी ग्रुपमधून बाहेर पडणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं.

बुरशीवर उपाय मिळाला नाही. मिळाले एक गृहस्थ. ते आपल्या भिंतीवरच्या बुरशीबद्दल कित्येक वर्षं ब्लॉग लिहीत होते. औषधपाणी काही नाही, नुसतं वर्णन. न्हाणीघरातली यंदा हिरवट आहे, बैठकीतली जरा रुसल्यासारखी दिसते. माणसाला ती घासून काढायचीच नव्हती. मी कामशेत येईपर्यंत हसत होते. त्यांच्या पानाच्या कडेला एक यादी होती, ‘मी हे वाचतो’ म्हणून. मी पहिल्या नावावर बोट ठेवलं आणि माझे दोन महिने गेले.

प्रत्येक ब्लॉगच्या कडेला आणखी एक यादी, त्या यादीत आणखी दहा माणसं. एक बाई लग्नांतल्या मठ्ठ्याला दहापैकी गुण द्यायच्या. लग्न कुणाचं ते कधीच लिहायच्या नाहीत, पण एका मठ्ठ्याखाली ‘हे फार दिवस टिकणार नाही’ असा शेरा होता आणि तो मठ्ठ्याबद्दल नसावा. एक साहेब घरासमोरच्या खड्ड्याबद्दल नगरपालिकेला पत्रं पाठवायचे आणि उत्तर येत नाही म्हणून खड्ड्याच्या वतीनं स्वतःच उत्तर लिहायचे. खड्डा साहेबांपेक्षा समजूतदार होता. एक मुलगी बाथरूममधल्या कोळ्यांचा वार्षिक आढावा घ्यायची. एकानं नुसत्या कुकरच्या शिट्टीवर सतरा लेख लिहिले होते. एक जण कविता करायचा, त्याला मी सोडून दिलं.

मला आधी रागच आला. एवढी माणसं एवढं लिहीत बसलीत आणि कुणी कुणाला विचारलेलं नाही. कारखान्यात मी सही नसलेला कागद पुढं जाऊ देत नाही. इथं सगळेच बिनसहीचे कागद, आणि त्यातला एकही मला परत करावासा वाटेना. यातलं कुणी मला काही विकत नव्हतं की शुभेच्छा देत नव्हतं. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, ‘‘एवढा वेळ असतो लोकांना?’’ हे त्यानं क्रिकेटची जुनी मॅच चौथ्यांदा बघताना विचारलं.

तर अशी भटकत मी तळेगावच्या एका निवृत्त मास्तरांच्या ब्लॉगवर आले. ते फक्त झाडांवर लिहितात. त्यांच्या यादीत सगळ्यात खाली एकच शब्द होता, ‘गच्ची’. मी तो उघडला. पूर्णविराम नाही, स्वल्पविराम नाही, एका दमात सगळं.

‘‘तर त्या दिशी आमटी कमी पडली पोरी रांगंत हुब्या मंग मी काय केलं गरम पानी घातलं आन अहो आई मोटार बंद करा टाकी भरली आन मीठ वाडवलं लसनीची फोडनी दिली कुनाला कळलं न्हाई.’’

मी ते परत वाचलं. मोटारीचं वाक्य माझं होतं. शब्दन् शब्द माझं. मी ते रोज सकाळी सहा वाजता जिन्यातून ओरडते.

आमच्या सासूबाईंनी लोणावळ्यातल्या मुलींच्या एका वसतिगृहात तीस वर्षं स्वयंपाक केला. निवृत्त झाल्यापासून त्या रोज सकाळी फोन घेऊन गच्चीवर जातात आणि अर्धा तास बोलतात. आम्ही समजत होतो, पवनानगरच्या बहिणीशी बोलतात. रोज एवढं काय सांगता, असं नवऱ्यानं एकदा विचारलं तर म्हणाल्या, ‘‘तिला कमी ऐकू येतं, दोनदा सांगावं लागतं.’’ प्रत्यक्षात, हे ब्लॉगवरूनच कळलं, आमच्या बुद्धविहारात रविवारी बायकांना फोन शिकवायला हेच झाडांवाले मास्तर येत होते. टाइप करायला कुणीच तयार नाही हे बघून त्यांनी सगळ्यांना बोलून लिहायला शिकवलं. सासूबाई बोलायच्या आणि फोन लिहायचा. त्यांची भाषा शुद्ध करायला जायचा आणि हरायचा. आणि आजूबाजूला जे जे ऐकू येईल तेही निमूट लिहून घ्यायचा. दूधवाला, शेजारचं भांडण, मी.

मी सगळा ब्लॉग दोन दिवसांत वाचला. वसतिगृहातल्या पोरी, त्यांची रडणी, चोरून खाल्लेला गूळ, घरून पत्र आलं नाही म्हणून उपाशी बसलेली एक, तिला यांनी चुलीशी बसवून कसं जेवू घातलं ते. माझाही उल्लेख होता. ‘‘आमची साहेबीण कारखान्यात लोकांच्या चुका काढती आन घरी येऊन सराव करती.’’ मला संताप आला. मग मी ते आणखी तीनदा वाचलं.

आमटीच्या गोष्टीखाली मी नाव न देता लिहिलं, ‘फार छान. आणखी लिहा. तळेगावची एक वाचक.’ दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘‘जयभीम ताई तळेगावात कुटं ऱ्हाता?’’ मी ठोकून दिलं, ‘स्टेशनजवळ.’ तिथून आमचं जमलं. घरी आमच्यात मोटार, दूध आणि गॅस या तीन विषयांवर बोलणं व्हायचं. तळेगावच्या बाईंना मात्र त्या विचारायच्या, जेवलात का, बस मिळाली का, पाठीचं दुखणं कसं आहे. मला त्या बाईचा हेवा वाटायला लागला.

मध्येच कुणा शहाण्या वाचकानं तक्रार केली की गोष्टीत सारखी मोटार येते. मास्तरांनी त्यांना नको ते पुसायला शिकवलं. ‘‘आता समदं वाचून बघते मंगच पुडं ढकलते,’’ असं सासूबाईंनी जाहीर केलं. त्यानंतरचं लिखाण स्वच्छ यायला लागलं. माझा आवाज त्यातून गेला. मला वाईट वाटलं, हे कबूल करते.

थंडी सुरू झाली तेव्हा त्यांनी घरी सांगितलं, ‘‘आंबीला धाकट्याकडं चार दिस जाऊन येते.’’ धाकटे दीर तिथं शेती करतात. आम्ही बरं म्हणालो. मग बसमध्ये मी ब्लॉग उघडला.

‘‘घरी चार दिस सांगितलंय पर चार दिसाचं न्हाई कायमचं जाते धाकट्याला वावर हाय कोंबड्या हायत तितं काय तरी काम आसंल हितं माझं काम न्हाई होस्टेलनं रिटायर केलं तवा हार घातला नारळ दिला साहेबिणीनं रिटायर केलं तवा पोळीवाली ठेवली.’’

पोळीवाल्या मावशी मी चार महिन्यांपूर्वी लावल्या होत्या. आईंनी तीस वर्षं भाकऱ्या थापल्यात, आता त्यांनी निवांत बसावं, असं मी ऑफिसात सगळ्यांना सांगितलं होतं आणि सगळ्यांनी माझं कौतुक केलं होतं. ते मी घेतलंही होतं. खरी गोष्ट अशी की भाकरी करताना त्या ओटाभर पीठ सांडायच्या आणि ते पुसायचा मला कंटाळा होता. सांडलेल्या पिठावरून आमचं रोज वाजायचं. मावशी लावताना त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.

मी तळेगावच्या बाईच्या आडून लिहिलं, ‘सुनेशी बोलून बघा.’ उत्तर आलं, ‘‘तिला येळ न्हाई तिची बस आसती.’’ त्या दिवशी मी कारखान्यात एकाही कागदातली चूक काढली नाही. साहेबांनी बरं वाटत नाही का म्हणून विचारलं.

संध्याकाळी मी पोळीवाल्या मावशींना भेटले आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. बोलताना मला अवघड झालं होतं. त्या म्हणाल्या, ‘‘बरं झालं बाई. तुमच्या सासूबाई बाजूला हुब्या ऱ्हाऊन बघत्यात. मला लाटायचं भ्याव वाटायचं.’’

दुसऱ्या दिवशी मी पहाटे उठून स्वतः भाकरी केली. तिचं वर्णन करत नाही. डबा भरला आणि ओले कपडे घेऊन गच्चीवर गेले. सासूबाई कठड्याशी उभ्या राहून फोनला मिरच्या कशा भाजायच्या ते सांगत होत्या. मी दोरीच्या अलीकडे उभी राहून साडी वाळत घातली आणि तिच्या आडून, त्यांच्याकडे न बघता, मोटारीसाठी लावते तोच आवाज लावला.

‘‘अहो आई, पोळीवाल्या मावशींना सोडलंय. मला तुमच्या हातची भाकरी पाहिजे. आंबीला नका जाऊ. माझ्याशी भांडायला घरात दुसरं कोण आहे?’’

त्या थांबल्या. साडीखालून त्यांची फक्त पावलं दिसत होती. मग त्यांनी घसा साफ केला आणि पुन्हा मिरच्यांचं सुरू केलं. मी चिमटे तिथंच टाकून खाली आले, पिशवी उचलली आणि बस गाठली.

कार्ल्याला बघितलं, ब्लॉगवर नवीन काही नव्हतं. कामशेतलाही नाही. पुसत बसल्या असतील, मला वाटलं. आता तळेगावच्या बाई म्हणून विचारण्यासारखंही काही उरलं नव्हतं. वडगाव मागं पडलं तेव्हा ते आलं.

‘‘लाल मिरच्या देठासकट कदी भाजायच्या न्हाईत पोरी ठसकत्यात अहो आई पोळीवाल्या मावशींना सोडलंय मला तुमच्या हातची भाकरी पाहिजे आंबीला नका जाऊ माझ्याशी भांडायला घरात दुसरं कोण आहे तर देठ काडायचे मंग तवा तापवायचा.’’

त्यांना पुसता येत होतं आणि त्यांनी पुसलं नव्हतं. मला बसमध्ये रडू आलं. शेजारच्या सीटवरच्या बाईनं काय झालं म्हणून विचारलं, तर बुरशीवर उपाय सापडला म्हणून सांगितलं. ती म्हणाली, मलाही पाठवा.

मग मी खाली सरकवलं. शेवटी आणखी चार ओळी होत्या.

‘‘तळेगावच्या बाईंना निरोप तुमचा डबा हितं ओट्यावर ऱ्हायलाय उघडून बघितला ऱ्हायला ते बरं झालं उद्यापासनं मी करते पर पीठ कोन पुसनार ते आदी ठरवा.’’